एन्झाइम वाढलं म्हणजे झाड सुधारलं का? (चांदीचे नॅनोकण आणि पिकं)

निवडुंग | विभाग: विज्ञान आणि शेती

एमएस्सी वनस्पतिशास्त्राच्या प्रकल्पांत गेली काही वर्षं एक विषय हमखास असतो. अमुक झाडाच्या पाल्यापासून केलेले चांदीचे नॅनोकण आणि त्यांचा तमुक पिकावर परिणाम. अमुकच्या जागी कडुनिंब, तुळस, कोरफड, शेवगा काहीही घाला. तमुकच्या जागी मूग, मेथी, गहू. कृती सोपी आहे, खर्च बेताचा आहे आणि रंग बदलताना डोळ्यांना दिसतो. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये पाल्याचा अर्क घातला की द्रावण आधी पिवळं आणि मग तपकिरी होतं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ४२० नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा येतो, आणि पहिलं प्रकरण लिहून मोकळं होता येतं.

त्या पहिल्या प्रकरणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. उलट ते आपल्या घरचंच काम आहे. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जिरेनियमच्या पानांपासून आणि फ्युझेरियम बुरशीपासून, २००४ मध्ये कडुनिंबाच्या पाल्यापासून चांदीचे कण करून दाखवले. जगभर आज जे 'हरित संश्लेषण' चालतं त्यातला मोठा भाग या वाटेने आला. अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीपासून केलेल्या कणांवर आणि त्यांच्या जंतुनाशक गुणांवर भरपूर काम केलं आहे.

मला खटकतं ते प्रबंधातलं शेवटचं वाक्य. 'एसओडी, कॅटालेज व पेरॉक्सिडेज यांची क्रियाशीलता लक्षणीयरीत्या वाढली, सबब सदर नॅनोकण पिकास उपयुक्त आहेत.'

हे 'सबब' कुठून आलं?

एसओडी म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज. पेशीत सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक घातक रूप) वाढलं की त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करणं हे त्याचं काम. ते पेरॉक्साइडही विषारीच, म्हणून पुढे कॅटालेज आणि अ‍ॅस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. ही सगळी यंत्रणा जोरात चालू झाली याचा पहिला अर्थ पेशीवर ताण आला, एवढाच निघतो. घरासमोर अग्निशमन दलाच्या गाड्या वाढल्या म्हणून कोणी पेढे वाटत नाही. आग आटोक्यात आली की नाही हे वेगळं पाहावं लागतं, आणि ते पाहायला एमडीए मोजतात, म्हणजे पेशीपटलातल्या स्निग्धांची किती नासाडी झाली त्याची खूण. एसओडी वाढलं, कॅटालेजही वाढलं आणि एमडीए खाली आलं, तर 'झाड सावरलं' म्हणायला जागा आहे. एसओडी वाढलं पण कॅटालेज पडलं, तर पेरॉक्साइड साचतंय. एकटं एसओडी मोजून काहीच ठरत नाही. आणि एमडीएचा तक्ता प्रबंधात असतोच असं नाही.

बरं, प्रकाशित अभ्यास तरी एका सुरात बोलतात का? मोहरीच्या रोपांवर २०१२ मध्ये आपल्याकडेच झालेलं काम आहे: २५ ते ४०० पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) दिलं, ५० पीपीएमला वाढ सर्वांत चांगली, अँटिऑक्सिडंट एन्झाइमं वर आणि एमडीए खाली. त्याच वर्षी घेवडा आणि मक्यावर ६० पीपीएमपर्यंत फायदा, त्यापुढे घसरण. आता दुसरी बाजू. वेल्लोरच्या व्हीआयटीमध्ये २००९ साली कांद्याच्या मुळाग्रांना २५ ते १०० पीपीएम दिलं, तर पेशीविभाजनाचा निर्देशांक १०० पीपीएमला नियंत्रण गटाच्या (चांदी न दिलेल्या मुळांच्या) निम्म्याहून खाली आला. गुणसूत्रं चिकटलेली, मधे पूल तयार झालेले. म्हणजे मोहरीला जो डोस मानवला, साधारण त्याच डोसाला कांद्याची गुणसूत्रं तुटत होती.

यातलं कोण खरं, असा वाद मला घालायचा नाही. दोन्ही खरी असू शकतात. कणांचा आकार वेगळा, वरचं आवरण वेगळं, पीक वेगळं, किती वेळ दिलं तेही वेगळं. माझा प्रश्न साधा आहे: ज्याला आपण 'नॅनोकणांचा परिणाम' म्हणतो तो खरंच कणांचा असतो की त्यांतून सुटणाऱ्या चांदीच्या आयनांचा, म्हणजे विरघळलेल्या भारित अणूंचा?

चांदीचा आयन वनस्पतिशास्त्राला नवा नाही. १९७६ मध्ये एल्मो बायर या संशोधकाने दाखवलं की सिल्व्हर नायट्रेट फवारलं तर वनस्पतीला इथिलीन (तिचं वायुरूप संप्रेरक) 'कळत' नाही. अंधारात वाढवलेल्या वाटाण्यावर इथिलीनचा परिणाम दिसला नाही, कपाशीची पानं-फुलं-बोंडं इथिलीन देऊनही गळली नाहीत. इथिलीनच्या ग्राहकात तांब्याचा अणू लागतो, चांदी त्या जागी बसते. आता हे लक्षात घ्या की इथिलीन मुळांची लांबी रोखतं. ते अडवलं की मूळ लांबतं. मग २५ पीपीएमला मुगाचं मूळ दोन सेंटीमीटर जास्त वाढलं, त्याचं श्रेय 'नॅनो'ला द्यायचं की १९७६ पासून माहीत असलेल्या गोष्टीला?

आणि पट्टीने मोजलेलं ते लांब मूळ एकदा मायक्रोस्कोपखाली ठेवून पाहिलं का? इथिलीन मूलरोमांनाही, म्हणजे मुळावरच्या बारीक केसांनाही, लागतं. मूळ लांब पण रोम विरळ, असं असेल तर पेट्रीडिशमध्ये ते देखणं दिसेल. मातीत त्याच रोमांनी पाणी आणि स्फुरद ओढायचा असतो.

मार्गदर्शक, विद्यार्थी, शेतकरी, सगळ्यांनी लिहावं.

---

तिरकस

पहिला नंबर! सविस्तर वाचून लिहितो. तूर्तास एवढंच की चांदीच्या वाटीत बाळाला भरवायचो, आता मुगाला भरवतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

परीक्षानळी

धागा आवडला. मी रसायनवाला, त्यामुळे पाल्यापासूनच सुरुवात करतो. कडुनिंबाच्या अर्कात चांदीचा आयन कोण क्षपित करतं, म्हणजे त्याची धातूरूप चांदी कोण करतं? पॉलिफेनॉल, फ्लेव्होनॉइड, टर्पिनॉइड वगैरे. हे सगळं कण तयार झाल्यावर हवेत विरत नाही. काही कणांवर चिकटतं, बरंचसं द्रावणात उरतं. कडुनिंबाचा अर्क नुसता दिला तरी बियाण्याच्या उगवणीवर परिणाम होतो. म्हणून 'फक्त पाणी' हा नियंत्रण गट पुरत नाही. किमान हे हवेत: नुसता अर्क, तेवढीच चांदी असलेलं सिल्व्हर नायट्रेट, आणि कण काढून टाकल्यावर उरलेलं वरचं द्रावण.

सिल्व्हर नायट्रेटबरोबर नायट्रेटही जातं हे विसरू नका. मग एका गटाला तेवढंच पोटॅशियम नायट्रेट द्या.

---

हिरवा_चाफा

निवडुंग सर, मी सध्या हाच प्रकल्प करतेय, त्यामुळे धागा वाचताना जरा घाम फुटला 😅 मूग आहे, कण शेवग्याच्या पाल्यापासून. ०, २५, ५०, १००, २०० पीपीएम. एसओडी, पेरॉक्सिडेज आणि प्रथिनं मोजायची आहेत. एमडीए पण घेऊ का? आमच्याकडे त्याला लागणारं टीबीए हे रसायन आहे.

---

निवडुंग

@हिरवा_चाफा, जरूर घे. एमडीए ५३२ ला वाचतात आणि ६०० चं वाचन वजा करतात, ते वजा करायचं राहतं बऱ्याच जणांचं. शक्य असेल तर कॅटालेजही घे. २४० ला वाचायचं असल्याने क्वार्ट्झ क्युवेट लागेल, काचेच्या किंवा साध्या प्लास्टिकच्या क्युवेटमध्ये जमणार नाही.

---

परीक्षानळी

@हिरवा_चाफा, २०० पीपीएम कसं केलंस ते सांगशील? विचारायचं कारण: एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये लिटरला १०८ मिलिग्रॅमच चांदी असते. नेहमीची कृती म्हणजे ९० मिली द्रावणात १० मिली अर्क. त्या ९० मिलीत एकूण चांदी ९.७ मिलिग्रॅम. शंभर टक्के कण झाले, धुताना एकही गेला नाही असं धरलं तरी १०० मिलीला ९७ पीपीएमच्या वर जाता येत नाही.

---

हिरवा_चाफा

सर, सेंट्रिफ्यूज करून गोळा खाली बसवतो, दोनतीनदा धुतो, ओव्हनमध्ये वाळवतो आणि पावडर वजन करून पाण्यात सोनिकेट करतो (ध्वनिलहरींनी मिसळतो). १०० मिलीत २० मिलिग्रॅम पावडर म्हणजे २०० पीपीएम. सिनियर्सची हीच पद्धत आहे.

---

परीक्षानळी

मग ते २०० पीपीएम पावडर आहे. त्यात चांदी किती आणि शेवगा किती, हे वजनकाट्याला कळत नाही. शिवाय एकदा वाळवलेले कण पुन्हा पाण्यात पूर्ण सुटे होत नाहीत, गुठळ्या राहतात. २० नॅनोमीटरचे कण म्हणून टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो लावायचा आणि मुगाला गुठळी द्यायची, असा प्रकार होतो.

उपाय अवघड नाही. वाळवू नकोस, धुतलेला गोळा ओलाच पुन्हा पाण्यात घे. त्यातलं थोडं नायट्रिक आम्लात विरघळवून विद्यापीठाच्या उपकरण केंद्रात एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रावर) चांदी मोजून आण. मग जे येईल ते लिही, ३७ पीपीएम आलं तर ३७ लिही.

आणि बियांना नळाचं किंवा बोअरचं पाणी अजिबात नको. क्लोराइड असलं की सुटे आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन बसतात. ऊतीसंवर्धनाच्या एमएस माध्यमात तर लिटरला ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड असतं. त्यात वाढवलेल्या रोपांवर 'सिल्व्हर नायट्रेटचा परिणाम कमी आणि कणांचा जास्त' असं दिसलं, तर तो क्लोराइडचा खेळ असू शकतो.

---

उत्तरवारा

नेदरलँड्समधून लिहितेय, एन्झाइमवर काम करते. निवडुंग यांनी इथिलीनचा विषय काढलाच आहे तर थोडी भर. इथे कार्नेशनच्या धंद्यात चांदी अनेक वर्षं वापरात होती. १९७८ मध्ये इथल्याच संशोधकांनी सिल्व्हर थायोसल्फेट फुलदांड्यातून झपाट्याने वर फुलापर्यंत जातं हे दाखवलं. साधं सिल्व्हर नायट्रेट दांड्यातच अडकतं. पुढे जड धातू नको म्हणून १-एमसीपी हा इथिलीन अडवणारा वायू आला. त्यामुळे 'चांदीने फुलं टिकतात' यात नवल काही नाही.

पण सगळंच आयनांच्या खात्यावर टाकू नका. २०११ मध्ये रायग्रासवर झालेला एक अभ्यास मी नेहमी विद्यार्थ्यांना वाचायला देते. त्यात ६ नॅनोमीटरचे, डिंकाचं आवरण असलेले कण ४० पीपीएमला दिले होते. मूलरोम आलेच नाहीत, सालीतल्या पेशी कोसळलेल्या, मूळटोपी तुटलेली. तेवढीच चांदी सिल्व्हर नायट्रेट म्हणून दिली तेव्हा, आणि कण अतिवेगी सेंट्रिफ्यूजने काढून वरचं द्रावण दिलं तेव्हाही, असं काही झालं नाही. म्हणजे कणांनी स्वतःचा काही गुण दाखवला. २५ नॅनोमीटरचे कण ६ वाल्यांपेक्षा सौम्य निघाले. आणि गंमत म्हणजे सिस्टीन (गंधक असलेलं अमिनो आम्ल) घातलं की विषारीपणा गेला, कारण चांदी गंधकाला धरते. एन्झाइमं बिघडण्यामागेही बऱ्याचदा हेच असतं: सिस्टीनच्या थायॉल गटावर चांदी बसते आणि प्रथिनाची घडी मोडते.

आकारासोबत घाटही महत्त्वाचा. अ‍ॅराबिडॉप्सिसवर २०१४ मध्ये गोल, त्रिकोणी आणि दशफलकी कण तपासले, तर दशफलकींनी मुळं सर्वांत जास्त वाढवली आणि गोल कणांनी अँथोसायनिन (लालजांभळं रंगद्रव्य) सर्वांत जास्त. चांदी तीच.

---

उत्तरवारा

@हिरवा_चाफा, आता तुझ्यासाठी. पेरॉक्सिडेज पायरोगॅलॉलने करणार की ग्वायाकॉलने? पायरोगॅलॉलची पद्धत ४२० ला वाचतात. चांदीचे कण कुठे शोषतात ते निवडुंग यांनी धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. मुळाच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेले कण वाटताना अर्कात येतात आणि थेट तुझ्या वाचनात मिसळतात. ग्वायाकॉल ४७० ला आहे, तिथेही शेपूट पोचतं. म्हणून प्रत्येक नमुन्याचा स्वतःचा ब्लँक ठेव: तोच अर्क, तेच बफर, फक्त हायड्रोजन पेरॉक्साइड नाही. सगळ्यांसाठी एकच बफरचा ब्लँक वापरलास तर जास्त डोसाच्या नमुन्यांत 'एन्झाइम वाढलेलं' दिसेल.

दुसरं, भाजक. क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम प्रथिन देतात. समज दोन्ही गटांत एक ग्रॅम वजनाच्या मुळांत ४० युनिट एन्झाइम आहे. नियंत्रण गटात प्रथिन १० मिलिग्रॅम, चांदीच्या गटात ताणामुळे घटून ८. विशिष्ट क्रियाशीलता ४ वरून ५ झाली, आणि प्रबंधात '२५ टक्के वाढ' लागली. एन्झाइम जागचं हललंही नाही! त्यामुळे ताज्या वजनावर आणि प्रथिनावर, दोन्ही आकडे दे.

---

निवडुंग

+१ भाजकाच्या मुद्द्याला. हे मी दर वर्षी तोंडी परीक्षेत विचारतो आणि दर वर्षी शांतता पसरते.

---

हिरवा_चाफा

मॅडम, पायरोगॅलॉलच ठरलं होतं. ग्वायाकॉलवर जाते आणि ब्लँक तुम्ही म्हणता तसे ठेवते. बिया ०.१ टक्के मर्क्युरिक क्लोराइडने निर्जंतुक करतो, ते चालेल ना?

---

उत्तरवारा

पाराही थायॉललाच धरतो, बाई. नीट धुतलं नाही तर तू चांदीचा परिणाम मोजतेयस की पाऱ्याचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. वर क्लोराइड आहेच. ७० टक्के अल्कोहोलमध्ये थोडा वेळ आणि मग डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुणं, मुगाला एवढं पुष्कळ होतं.

---

आकडेमोडे

एक सांख्यिकी टोमणा मारून जातो. तीन पेट्रीडिश, प्रत्येकीत १० बिया, आणि 'एन (नमुन्यांची संख्या) = ३०' असं लिहिलेलं मी पाहिलंय. एका डिशमधल्या दहा बिया एकच पाणी पितात. तिथे एन तीनच. बीजपरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत उगवणीसाठी ४०० बिया का सांगितल्यात त्याचा विचार करावा. तीनवर अ‍ॅनोव्हा (सांख्यिकी चाचणी) लावून 'लक्षणीय फरक' म्हणून तारे काढणं बंद करा.

---

माणदेशी_डाळिंब

तुमची चर्चा अर्धी डोक्यावरनं गेली, पण आमच्याकडं हा माल विकायला येतोय म्हणून विचारतो. डाळिंबावर तेल्या (जिवाणूचा रोग) आला की माणूस बुडत्याला काडी तसं काहीही मारतो. बोर्डो झालं, स्ट्रेप्टोसायक्लीन झालं, आता दुकानदार म्हणतो नॅनो सिल्व्हर घ्या. बाटलीवर ५०० पीपीएम लिहिलंय, डोस लिटरला २ मिली. कोणी म्हणतं सिल्व्हर असलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड मारा. तेल्याला लागू पडतं का आणि झाडाला काय होतं, एवढं सांगा.

---

परीक्षानळी

दादा, आधी हिशेब. ५०० पीपीएमची बाटली, लिटरला २ मिली, म्हणजे टाकीत १ पीपीएम चांदी. वर जे मोहरी-कांदा-मूग चाललंय ते २५ ते ४०० चं आहे. तेव्हा पेपरात दिसलेला फायदा किंवा तोटा, दोन्ही त्या बाटलीला लावू नका.

उलट बाजूने बघा. कोणी पेपर वाचून ५० पीपीएम मारायचं ठरवलं, एकरी २०० लिटर पाणी धरलं, तर एका फवारणीला १० ग्रॅम चांदी.

---

तिरकस

म्हणजे एकरी एक तोळा! सराफाकडून थेट बागेत. पानं धुऊन पैंजण करता येतील का?

---

उत्तरवारा

हसण्यावारी नेऊ नका, धुऊन निघत नाही. लेट्यूसच्या पानांवर २०१४ मध्ये पाहिलंय, कण वरच्या मेणचट थरात अडकतात, काही पर्णरंध्रांतून आत जातात, आणि पान धुतलं तरी चांदी बरीचशी तिथेच राहते. पालेभाजीवर मारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पेरॉक्साइडबद्दल: त्यात मारक काम मुख्यतः पेरॉक्साइडचं असतं, चांदी जोडीला असते. पृष्ठभागावरचे जंतू मरतात. तेल्याचा जिवाणू पानाच्या आत शिरला की तिथवर ते पोचत नाही.

---

निवडुंग

@माणदेशी_डाळिंब, प्रयोगशाळेत थाळीतल्या जिवाणूला चांदी मारते यात वाद नाही, तेल्याचा झँथोमोनास त्याला अपवाद असण्याचं कारण नाही. पण थाळी आणि बाग यांत पाऊस, ऊन आणि पानाची साल आहे.

तुम्हाला दुसरंच विचारतो. बहार धरताना पानगळीला इथ्रेल मारता ना? इथ्रेल झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं, त्याने पानं गळतात. आणि वर लिहिलंय तसं चांदीचा आयन इथिलीनचं काम अडवतो, कपाशीची गळ त्याने थांबली होती. त्यामुळे इथ्रेलच्या आधी चांदीचं काही मारण्याची कल्पना मला तरी उलटी वाटते.

---

माणदेशी_डाळिंब

आं? हे कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या शिवारात बहार धरायच्या आधी बाग 'स्वच्छ' करायची म्हणून हेच मारतात, आणि मग इथ्रेल. एकसारखी पानगळ झाली नाही की इथ्रेल भेसळीचं म्हणून दुकानदाराशी भांडण.

---

परीक्षानळी

निवडुंग, तत्त्व बरोबर, पण घाई नको. १ पीपीएम, तेही बहुतांश कणांच्या रूपात आणि पानावर चिकटून. बायर यांचे डोस यापेक्षा कितीतरी जास्त होते आणि आयन मोकळे होते. पानगळ बिघडायला पाण्याचा ताण कमी पडणं, थंडी, इथ्रेलच्या पाण्याचा सामू (पीएच), कारणं पुष्कळ आहेत. इथ्रेल आम्ल पाण्यात टिकतं, सामू ५ च्या वर गेला की टाकीतच फुटायला लागतं. माणदेशातलं बोअरचं पाणी बघता मी आधी तिकडे बघेन.

दादा, पुढच्या बहाराला एका ओळीवर चांदीचं मारू नका, बाकी सगळं तेच ठेवा. बघा फरक पडतो का.

---

माणदेशी_डाळिंब

एक कशाला, दोन ओळी सोडतो. सामूचे कागद हायत माझ्याकडं, उद्याच बघतो.

---

काळी_माती

उशिरा आलो. सगळी चर्चा पेट्रीडिशमध्ये अडकलीय, जरा खाली उतरू. एन्झाइमं फक्त झाडात नसतात. मातीत युरिएज, फॉस्फेटेज, डिहायड्रोजिनेज आहेत. युरिया टाकला तर त्याचा अमोनिया युरिएजच करतं, आणि युरिएजच्या क्रियास्थानाजवळ सिस्टीन आहे. उत्तरवारा यांनी थायॉलचं सांगितलंच आहे. २०१२ मध्ये मातीतल्या बाह्यएन्झाइमांवर सायट्रेटचं आवरण असलेले कण तपासले, त्यात युरिएज आणि डिहायड्रोजिनेज सर्वांत हळवे निघाले. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तर चांदीला फारच नाजूक, त्यातही ५ नॅनोमीटरखालच्या कणांना.

'मातीत चांदी निष्क्रिय होते' हे अर्धं खरं आहे. सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती, क्लोराइड, सगळे तिला धरतात. सांडपाण्याच्या प्रकल्पात तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं, ते खूपच कमी विषारी. पण अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी २०१३ मध्ये उघड्यावर मोठे वाफे करून सांडपाण्याच्या गाळातून चांदीचे कण दिले, मातीत किलोला फक्त ०.१४ मिलिग्रॅम. तरी एका गवताचं वजन ३२ टक्के घटलं, मातीतल्या एन्झाइमांची क्रिया उतरली, आणि आठव्या दिवशी नायट्रस ऑक्साइडचा प्रवाह साडेचार पट झाला.

आता परीक्षानळींचे १० ग्रॅम घ्या. एकराची वरची अर्धा फूट माती साधारण ९०० टन. म्हणजे एका फवारणीला किलोला ०.०११ मिलिग्रॅम. बारातेरा फवारण्यांत ०.१४. डाळिंब-द्राक्षवाल्यांना बारातेरा फवारण्या म्हणजे किती ते मी सांगायला नको. हां, दादांच्या बाटलीच्या १ पीपीएमने हाच आकडा गाठायला त्याच्या पन्नासपट फवारण्या लागतील, तेव्हा त्यांनी लगेच झोप उडवून घेऊ नये.

---

तिरकस

पण काळी_माती, त्या वाफ्यांतली माती अमेरिकेची. आपली चुनखडीची, सामू आठच्या आसपास, चिकण गच्च.

---

काळी_माती

अगदी. म्हणूनच कोणीतरी आपल्या मातीत युरिएज मोजावं, असं माझं म्हणणं आहे. शेवग्याऐवजी हादगा आणि मुगाऐवजी मटकी, असे नवे प्रकल्प काढण्यापेक्षा हे बरं.

---

कलम_आणि_काच

ऊतीसंवर्धनवाला बोलतोय. इतका वेळ चांदीची खरडपट्टी चालली आहे, म्हणून दुसरी बाजू. आमच्याकडे केळीची रोपं होतात. शेतातून आणलेल्या कंदाच्या कोंबात आतवर जिवाणू लपलेले असतात, कितीही निर्जंतुक करा, आठवड्याने बाटलीत दुधी ढग दिसतो. माध्यमात नॅनोसिल्व्हर घातलं की हे दूषित होण्याचं प्रमाण खाली येतं. शिवाय बंद बाटलीत इथिलीन साचतं, पानं पिवळी पडतात, तिथे चांदी उपयोगी. सिल्व्हर नायट्रेट घालून फुटवे वाढवणं तर जुनं आहे. काकडीच्या फक्त मादीफुलं देणाऱ्या वाणांवर नरफुलं आणायलाही चांदीच वापरतात, त्याशिवाय त्या वाणांचं बी धरणार कसं? बंद जागा, मोजका डोस, ठरलेलं काम. इथे तिचा उपयोग आहे आणि तो मी सोडणार नाही.

---

निवडुंग

याला माझा विरोध नाहीच. काम काय आणि डोस काय हे तुम्हाला माहीत आहे, आणि ती चांदी बाटलीबाहेर जात नाही.

---

कायदेकानू

बाटल्यांबद्दल थोडं. एखादं औषध 'रोग घालवतं' म्हणून विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. म्हणून पुष्कळ लेबलांवर 'प्रतिकारशक्ती वाढवते', 'जोमदार वाढ' एवढंच असतं. वाढ उत्तेजकंही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणली आहेत. नॅनो युरिया त्याच वर्षी त्याच आदेशात अधिसूचित झाला. नॅनो कृषी निविष्ठांच्या तपासणीसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तेव्हा दादा, बाटलीवर नोंदणी क्रमांक आहे का बघा, आणि पक्की पावती घ्या. द्राक्ष-डाळिंब निर्यातीचं असेल तर ज्याच्याकडून माल घ्याल त्याला आधी विचारा.

---

माणदेशी_डाळिंब

बाटली बघितली. नंबर नाही. मागं 'शंभर टक्के सेंद्रिय' लिहिलंय.

---

तिरकस

चांदी सेंद्रिय! _/\_ वाचनखूण साठवली आहे.

---

हिरवा_चाफा

सर, मॅडम, सगळ्यांचं लिहून घेतलं. आता गट असे ठरवलेत: डिस्टिल्ड पाणी; शेवग्याचा नुसता अर्क; पोटॅशियम नायट्रेट; सिल्व्हर नायट्रेट; कण काढलेलं वरचं द्रावण; आणि कण, दोनच डोस, एएएसवर मोजून. प्रत्येकी सहा डिश. मुळाची लांबी, शिवाय मूलरोमांचे फोटो. एसओडी, कॅटालेज, ग्वायाकॉल पेरॉक्सिडेज, एमडीए. डोस कमी केले म्हणून गाईड विचारतील, तेव्हा हा धागा दाखवू का?

एक शंका. वरचं द्रावण मिळवायला आमचं सेंट्रिफ्यूज १०,००० आरपीएमचंच आहे. सगळे कण बसतील?

---

परीक्षानळी

बारीक कण राहतील. बसवल्यावर वरच्या द्रावणाचा ४२० चा स्कॅन घे. उंचवटा गेला नसेल तर ३ किलोडाल्टनची सेंट्रिफ्यूजवर चालणारी गाळणी मिळते, महाग आहे, पण सहा डिशला एखाद-दोन पुरतील. कुठल्या तरी सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पडलेली असते, मागून घे.

आणि उरलेली चांदीची द्रावणं बेसिनमध्ये ओतू नका. एका बाटलीत जमवा, मीठ टाका, पांढरा साका खाली बसेल तो वेगळा ठेवा. त्या बाटलीत अमोनिया चुकूनही नको, अमोनियातली चांदी वाळली की स्फोट होतो.

---

निवडुंग

गाईडना धागा दाखव, पण तिरकस यांचे प्रतिसाद झाकून.